क्वेरी चालते, एरर येत नाही, तरी आकडा चुकतो: डेटाबेस बदलला की ‘केस’ आणि ‘नल’ची गडबड

एका दूध उत्पादकाची दहा दिवसांची सरासरी फॅट नव्या रिपोर्टमध्ये २.९४ आली. गाय तीच, खाद्य तेच, आणि आधीच्या बिलात फॅट ४.२. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) धरून ठरतो, त्याच्या खाली गेलं की लिटरमागे पैसे कापले जातात. त्यामुळे ४.२ ची २.९४ होणं म्हणजे एका घराचं दहा दिवसांचं गणित बिघडणं. संकलन केंद्राच्या सचिवांचा फोन आला, “साहेब, मशीनची पावती माझ्या हातात आहे. एकदाही चारच्या खाली फॅट लागलेली नाही.”

आम्ही नुकताच रिपोर्ट ओरॅकल डेटाबेसवरून पोस्टग्रेस डेटाबेसवर नेला होता. क्वेरी व्यवस्थित चालत होती. लॉगमध्ये एकही एरर नव्हता. हाच या दुखण्याचा सगळ्यात वाईट भाग आहे, आणि डेटाबेस बदलताना ते मला इतक्या वेळा भेटलं आहे की आता सगळं एका जागी लिहून ठेवतो.

(खाली क्वेरीतले शब्द आपण फोनवर एकमेकांना सांगतो तसे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना नेहमीसारखेच करा.)

मूळ चूक कुठे होती

सरासरी फॅट काढताना नुसती फॅटची सरासरी चालत नाही, लिटरचं वजन द्यावं लागतं. फॅट गुणिले लिटर यांची बेरीज, भागिले लिटरची बेरीज. अडचण अशी की वीज नसली किंवा मशीन बंद असलं की दूध मोजलं जातं पण फॅट काढली जात नाही. तिथे फॅटच्या रकान्यात नल असतो, म्हणजे ‘किंमत माहीत नाही’ अशी खूण. अशा वेळचे लिटर भाजकात धरायचे नाहीत. जुन्या ओरॅकल क्वेरीत ते असं केलं होतं:

सम(फॅट * लिटर) / सम(डिकोड(फॅट, नल, ०, लिटर))

हे बरोबर होतं. ओरॅकलचं डिकोड पहिली किंमत दुसरीशी जुळली तर तिसरी देतं, नाही तर चौथी, आणि ते दोन नल एकमेकांना समान मानतं. फॅट नल असेल तर ०, नाही तर लिटर. पोस्टग्रेसमध्ये डिकोड या नावाचं फंक्शन आहे, पण ते मजकूर बायनरीत बदलण्याचं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. म्हणून ते बदलताना अगदी सरळ मनाने असं लिहिलं गेलं:

सम(फॅट * लिटर) / सम(केस फॅट व्हेन नल देन ० एल्स लिटर एंड)

वाचायला दोन्ही ओळी एकच. पण केसच्या (अट जुळेल तसं उत्तर निवडणाऱ्या रचनेच्या) या छोट्या रूपात आतून ‘फॅट = नल’ अशी तुलना होते, आणि नलशी केलेल्या कुठल्याही ‘=’ तुलनेचं उत्तर खरं नसतं, खोटंही नसतं, ते ‘माहीत नाही’ असतं. ‘माहीत नाही’ म्हणजे व्हेन लागू झालं नाही. म्हणजे प्रत्येक रो (टेबलातली ओळ) एल्सला, ‘नाही तर’च्या बाजूला गेला.

त्या उत्पादकाच्या दहा दिवसांच्या २० नोंदी होत्या, प्रत्येकी ८ लिटर. त्यातल्या ६ वेळा फॅट नोंदलेली नव्हती. वरच्या बेरजेत नलचे रो आपोआप गळतात, म्हणून ४.२ गुणिले ११२ लिटर, म्हणजे ४७०.४. खाली मात्र सगळे १६० लिटर. भागाकार २.९४. ज्या सहा वेळी मशीन बंद होतं, त्या सहा वेळी त्या माणसाच्या दुधात फॅटच नव्हती असं आमच्या रिपोर्टने ठरवलं.

दुरुस्ती एवढीच:

सम(फॅट * लिटर) / नलइफ(सम(केस व्हेन फॅट इझ नॉट नल देन लिटर एंड), ०)

(इथलं नलइफ भाजक ० आला तर त्याचा नल करतं, म्हणजे शून्याने भागलं जात नाही.) ‘केस व्हेन’ असं लांब रूप लिहायचं आणि नलसाठी नेहमी ‘इझ नल’ किंवा ‘इझ नॉट नल’ वापरायचं. ‘केस अमुक व्हेन नल’ हे ओरॅकल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट यांपैकी कुठेही कधीच जुळत नाही. एररही कुठे येत नाही. जुन्या कोडमध्ये ही ओळ दिसली तर ती चूक आहे असंच धरा. आणि जुन्या ओरॅकल कोडमध्ये डिकोड इतकं का भरलेलं असतं, तर केस तिथे ८आय-९आयच्या काळात आलं. त्याआधी लिहिणाऱ्यांना दुसरा मार्गच नव्हता. त्यांनी चूक केली नव्हती, भाषांतर करताना आपण केली.

नावांचा गोंधळ, जो खरं तर सोपा आहे

बहुतेक जण इथेच अडकतात आणि वाटतं की एवढीच अडचण आहे. नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन ओरॅकलमध्ये एनव्हीएल, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये इफनल, एसक्यूएल सर्व्हरमध्ये इझनल, अ‍ॅक्सेसमध्ये एनझेड. अट पाहून दोनातली एक किंमत देणारं आयआयएफ अ‍ॅक्सेसमध्ये पहिल्यापासून, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून, एसक्यूलाइटमध्ये २०२० च्या ३.३२ पासून. मायएसक्यूएलमध्ये नुसतं इफ. पोस्टग्रेसमध्ये यातलं काहीच नाही. इथे चूक झाली तर बहुतेक वेळा एरर येतो आणि तुम्ही ती दुरुस्त करता, म्हणून याची मला फार काळजी वाटत नाही.

फक्त इझनल सांभाळा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्याला दोन गोष्टी द्यायच्या आणि ते पर्यायी किंमत देतं. मायएसक्यूएलमध्ये त्याच नावाच्या फंक्शनला एकच गोष्ट द्यायची आणि ते १ किंवा ० देतं. पोस्टग्रेसमध्ये ते फंक्शनच नाही, ‘फॅट इझनल’ असं मागे लावून लिहिलं तर चालतं आणि खरं-खोटं मिळतं. नाव एक, कामं तीन.

केस, कोअलेस (नल नसलेली पहिली किंमत देणारं) आणि नलइफ हे तिन्ही १९९२ च्या एसक्यूएल स्टँडर्डमध्ये आहेत आणि अ‍ॅक्सेस सोडलं तर वरच्या सगळ्यांत चालतात. एकापेक्षा जास्त डेटाबेसवर क्वेरी जाणार असेल तर हे तीनच वापरा. अ‍ॅक्सेसच्या क्वेरीत केस नाही, तिथे आयआयएफ किंवा स्विचशिवाय इलाज नाही.

शून्य, रिकामं आणि माहीत नाही

हे आपल्या रोजच्या बोलण्यात तीन वेगळे शब्द आहेत, डेटाबेसमध्ये मात्र त्यांची सरमिसळ होते. आमच्या टेबलात ‘शेरा’ नावाचा कॉलम आहे. दूध नासलेलं असेल, पाणी आढळलं असेल तर तिथे लिहायचं. गावातल्या मशीनमध्ये एसक्यूलाइट आहे, तिथून शेरा रिकाम्या मजकुरासारखा येतो, म्हणजे दोन अवतरणं आणि मधे काही नाही. ओरॅकलमध्ये तो उतरला की नल होतो, कारण ओरॅकल व्हारकॅर२ (मजकुराचा प्रकार) मधला रिकामा मजकूर नलच मानतं. तोच डेटा थेट मशीनवरून पोस्टग्रेसमध्ये आला की रिकामा मजकूर रिकामाच राहतो.

परिणाम काय, तर ‘केस व्हेन शेरा इझ नल देन चांगलं’ ही ओळ ओरॅकलवर सगळ्या चांगल्या दुधाला लागते आणि पोस्टग्रेसवर निम्म्याच रोंना. उलटही होतं. ‘व्हेन शेरा <> रिकामं’ असं पोस्टग्रेससाठी लिहिलेलं कोणी ओरॅकलवर चालवलं तर ते एकाही रोला लागत नाही, भले शेऱ्यात काहीही लिहिलेलं असो. तिथे ती तुलना नलशीच होते.

यावर मी सगळीकडे एकच वापरतो:

नलइफ(ट्रिम(शेरा), रिकामं) इझ नल

ओरॅकलमध्येही याने काही बिघडत नाही. एसक्यूएल सर्व्हरची आवृत्ती २०१७ च्या आधीची असेल तर ट्रिम नाही, एलट्रिम आणि आरट्रिम एकात एक लिहावे लागतात.

दोन कॉलम सारखे आहेत का हे पाहताना, आणि दोन्ही नल असतील तर सारखेच धरायचे असतील, तर पोस्टग्रेसमध्ये ‘इझ नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम’ आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते २०२२ पासून आहे, एसक्यूलाइटमध्ये ३.३९ पासून. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी <=> हे चिन्ह. ओरॅकलमध्ये डिकोड(अ, ब, १, ०) = १ ही जुनी युक्ती अजून कामाची आहे.

एका केसमधून दोन प्रकारचा माल

रिपोर्टमध्ये फॅट नसेल तिथे ‘बाकी’ असं दिसावं, ही अगदी साधी मागणी. मग आपण लिहितो:

केस व्हेन फॅट इझ नल देन ‘बाकी’ एल्स फॅट एंड

एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला आकडा. या एका ओळीवर पाच डेटाबेस चार प्रकारे वागतात.

पोस्टग्रेस क्वेरी सुरू होण्याआधीच थांबवतं. त्याला उत्तर आकड्यात हवं असतं आणि ‘बाकी’चा आकडा होत नाही. ओरॅकलसुद्धा डेटाटाइप जुळत नाहीत म्हणून ओआरए-००९३२ देतं. या दोघांचा मला राग येत नाही, ते वेळीच सांगतात.

एसक्यूएल सर्व्हर जास्त फसवतं. तिथे आकड्याचा मान मजकुरापेक्षा वरचा, म्हणून पूर्ण केस आकड्याचं ठरतं. पण ‘बाकी’चं रूपांतर करायची वेळ नलचा रो आल्यावरच येते. तुमच्या टेस्टिंगच्या डेटात सगळीकडे फॅट भरलेली असेल तर क्वेरी छान चालते. मग एखाद्या सोमवारी गावात वीज जाते, पहिला नल येतो आणि पूर्ण रिपोर्ट कोसळतो. “काल चालत होतं, आज काही बदललं नाही, तरी बंद पडलं” असं कोणी सांगितलं की मी आधी ही ओळ शोधतो.

मायएसक्यूएल काहीच तक्रार करत नाही, सगळं मजकूर करून टाकतं. दिसायला रिपोर्ट बरोबर. पण त्या कॉलमवर क्रम लावा. लिटरच्या कॉलमवर असं केलं तर ११२ आधी येतात आणि ९.५ नंतर, कारण तुलना अक्षरांची होते. एसक्यूलाइट प्रत्येक रोला त्याचा त्याचा प्रकार ठेवू देतं, आकडे आधी आणि मजकूर शेवटी.

उपाय: दोन्ही बाजू तुम्ही स्वतः एकाच प्रकारच्या करा. दाखवायचं असेल तर कास्ट करून (प्रकार बदलून) दोन्ही मजकूर करा आणि क्रम मूळ कॉलमवर लावा. त्याहून चांगलं म्हणजे डेटाबेसमधून नलच पाठवा आणि ‘बाकी’ हा शब्द रिपोर्टच्या स्क्रीनवर लिहा. मी आता तसंच करतो.

डिकोडमध्ये याचीच एक लपलेली शाखा आहे. डिकोड(स्थिती, ‘रद्द’, नल, लिटर) असं लिहिलं तर ओरॅकल पहिल्या उत्तराचा प्रकार पाहतं. पहिलं उत्तर नल असेल तर पूर्ण उत्तर व्हारकॅर२ होतं. म्हणजे लिटरचा मजकूर झाला, आणि पुन्हा ११२ आधी, ९.५ नंतर. सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या दहा जणांची यादी अशाने चुकीची निघाली तर कारण शोधायला दिवस जातो. त्याऐवजी केस लिहा, नाही तर नलला टू-नंबरमध्ये गुंडाळा.

आता इझनलचा किस्सा, जो मी कधीच विसरणार नाही. एसक्यूएल सर्व्हरवर शेरा कॉलम चार अक्षरांचा होता, एन-व्हारकॅर(४). क्वेरी होती इझनल(शेरा, ‘तपासणी बाकी’). छापील यादीत अनेक नावांपुढे ‘तपास’ एवढाच शब्द आला. केंद्रावरच्या मुलांना वाटलं वरून हुकूम आला आहे, या सगळ्यांचं दूध तपास. त्यांनी दोन दिवस त्या घरांचं दूध पुन्हा पुन्हा तपासलं, आणि त्या घरांना वाटलं आपल्यावर भेसळीचा संशय आहे. झालं एवढंच होतं की इझनल पर्यायी मजकूर पहिल्या कॉलमच्या लांबीला कापतं. त, प, काना, स. चार झाले, पुढचं गेलं. कोअलेस असं कापत नाही, कारण ते सगळ्या बाजूंचा प्रकार पाहून मोठा निवडतं. एका शब्दाच्या बदलाने ते थांबलं. ज्यांच्या दारात संशय जाऊन आला त्यांना आम्ही केंद्रावर बोलावून खरं कारण सांगितलं.

आधी कोण, मग कोण

सगळ्यांची समजूत असते की केस वरून खाली चालतं आणि पहिली अट जुळली की खालचं काही पाहत नाही. बहुतेक वेळा ते खरं आहे. पण सम, मॅक्स, अ‍ॅव्हरेज अशी बेरीज-सरासरीची फंक्शनं आत असतील तर ती आधी मोजली जातात आणि केस त्यांच्यानंतर येतं. म्हणून

केस व्हेन मिन(लिटर) > ० देन अ‍ॅव्हरेज(रक्कम / लिटर) एंड

हे पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर दोन्हीकडे शून्याने भागाकाराचा एरर देऊ शकतं, वरची अट कितीही शहाणपणाची असली तरी. राखण बाहेर उभी करून उपयोग नाही, ती आत पाहिजे: अ‍ॅव्हरेज(रक्कम / नलइफ(लिटर, ०)).

पोस्टग्रेसमध्ये आणखी एक: एल्समध्ये कोणी ‘इथे येऊच नये’ म्हणून १/० असं लिहून ठेवतं. पोस्टग्रेस स्थिर आकड्यांची गणितं आधीच उरकतं, त्यामुळे एकही रो एल्सला जाणार नसला तरी क्वेरी पडते.

शून्याने भागण्याबद्दल मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट सिलेक्टमध्ये नल देतात आणि पुढे जातात. तुम्ही मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर आलात की अचानक एरर दिसू लागतात. ते नवे नाहीत, आधी झाकलेले होते. मायएसक्यूएलमध्येही स्ट्रिक्ट मोड (चुकीची किंमत अडवणारं कडक सेटिंग) आणि शून्याने भागण्याचा एरर चालू असेल तर तेच गणित सिलेक्टमध्ये चालतं आणि इन्सर्टमध्ये अडतं.

वेगाचं दुखणं याच्याच शेजारचं. ओरॅकलचं एनव्हीएल दोन्ही बाजू मोजून मग निवड करतं, त्यामुळे दुसऱ्या बाजूला जड फंक्शन असेल तर ते गरज नसताना प्रत्येक रोला चालतं. कोअलेस पहिली किंमत मिळाली की थांबतं. पण एसक्यूएल सर्व्हरमध्ये कोअलेस आतून केसमध्ये उलगडतं, त्यामुळे त्यात सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) टाकली तर ती दोनदा चालू शकते, आणि मधल्या क्षणी कोणी डेटा बदलला तर नल न येण्याच्या जागी नल येऊ शकतो. तिथे सबक्वेरी आधी वेगळी काढून घ्या.

मोजणीची जुनी चूक

काउंट(केस व्हेन फॅट इझ नल देन १ एल्स ० एंड) हे सगळे रो मोजतं. काउंटला ० सुद्धा एक किंमतच आहे. एल्स काढून टाका, किंवा काउंटच्या जागी सम लिहा. पोस्टग्रेस ९.४ आणि एसक्यूलाइट ३.३० पासून ‘एवढेच रो मोजा’ असं सांगणारं फिल्टर आहे, ते वाचायला सगळ्यात स्वच्छ. मायएसक्यूएलचं सम(फॅट इझ नल) सुटसुटीत असलं तरी दुसरीकडे नेऊ नका.

दिलेल्या किमतींतली मोठी देणारं ग्रेटेस्टही तपासा. हमी दर आणि काढलेला दर यातला मोठा घ्यायचा, आणि एक नल असेल तर? पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर २०२२ नल सोडून दुसरा देतात. ओरॅकल आणि मायएसक्यूएल नलच देतात. पैशाच्या कॉलमवर हे फार महागात पडतं.

मायएसक्यूएलमध्ये ‘केस शेरा व्हेन ०’ असं कधीही लिहू नका. तिथे आकडा नसलेला कुठलाही मजकूर शून्याबरोबर समान ठरतो, म्हणजे ‘नासलं’ आणि ‘पाणी’ दोन्ही त्या अटीत जातात.

हलवण्याआधी मी काय करतो

आठ रोंचं छोटं टेबल प्रत्येक डेटाबेसवर ठेवलं आहे. एक साधा रो, एक फॅट नल, एक फॅट ०, एक लिटर ०, एक शेरा नल, एक शेरा रिकामा, एक शेऱ्यात फक्त स्पेस, आणि एक ११२ लिटरचा, साध्या रोच्या ९.५ शेजारी क्रम तपासायला. जुनी क्वेरी जुन्यावर, नवी नव्यावर, आणि आठही ओळी शेजारी ठेवून डोळ्यांनी पाहायच्या. लाखभर रोंच्या एकूण बेरजेवर विसंबू नका. आमच्या २.९४ च्या वेळी जिल्ह्याची सरासरी फक्त दुसऱ्या दशांशात हलली होती आणि कोणाला काही वाटलं नव्हतं.

त्याआधी जुन्या कोडमध्ये एवढं शोधून घ्या: डिकोड, एनव्हीएल, इझनल, ‘व्हेन नल’, ‘= नल’, ‘एल्स ०’ आणि भागाकाराची प्रत्येक तिरकी रेघ. डिकोड सापडलं की त्यातल्या प्रत्येक नलवर बोट ठेवून विचारा, हा नल कशाशी जुळवायचा आहे की उत्तर म्हणून द्यायचा आहे. जुळवायचा असेल तर ‘केस व्हेन … इझ नल’. उत्तर म्हणून असेल तर त्याचा प्रकार कास्टने लिहून ठेवा.